हिवाळ्यात घरात फुलणारा कंद: अ‍ॅमरिलिसची पहिल्या पाण्यापासून पुढच्या कळीपर्यंतची निगा

माझा एक कंद तळाशी सडला होता. फेकून देण्याआधी मी तो सुरीने उभा चिरून पाहिला. कांद्यासारखे जाड, पांढरे पापुद्रे एकावर एक, आणि त्यातल्या दोन पापुद्र्यांच्या बेचक्यात फिकट हिरवी कळी बसलेली, बोटाच्या पेराएवढी. तिच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, दुसरी एक, गव्हाच्या दाण्याएवढी. त्या कंदाला अजून एकही पान फुटलं नव्हतं, पण त्याच्या दोन दांड्यांची तयारी आत कधीच झालेली होती.

अ‍ॅमरिलिस वाढवायची तर ही एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आणलेला कंद आपलं फूल पोटात घेऊनच घरात येतो. आतली कळी घडायला लागते ती फुलण्याच्या साधारण वर्षभर आधी. म्हणजे या हिवाळ्यात दिसणारं फूल मागच्या हंगामातल्या पानांनी कमावलेलं असतं, आणि ती पानं दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतात वाढलेली असतात. आपण फक्त पाणी, ऊब आणि उजेड देतो. त्यामुळे पहिल्या वर्षी ही जवळपास सगळ्यांकडे फुलते, आणि दुसऱ्या वर्षी बहुतेकांकडे नुसती पानं येतात. नवख्या माणसाची खरी अडचण त्या दुसऱ्या वर्षाची असते, म्हणून लागवडीपेक्षा फुलानंतरच्या महिन्यांबद्दल मी इथे जास्त लिहिणार आहे.

नावाचा गोंधळ, आणि तो का सोडवायचा

दुकानात जिला अ‍ॅमरिलिस म्हणतात तिचं वनस्पतिशास्त्रातलं नाव हिपिअ‍ॅस्ट्रम. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या पट्ट्यातली. खरी अ‍ॅमरिलिस, म्हणजे अ‍ॅमरिलिस बेलाडोना, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ साली हिपिअ‍ॅस्ट्रम ही वेगळी प्रजाती मांडली. ग्रीक भाषेतल्या ‘घोडेस्वार’ आणि ‘तारा’ या दोन शब्दांवरून हे नाव आलं आहे. तरी कोणतं नाव कुणाचं यावरचा वाद पुढे दीडशेहून अधिक वर्षं चालला आणि १९८७ सालच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मिटला. तोवर बाजारात ‘अ‍ॅमरिलिस’ इतकं रुळलं होतं की ते आजही सुटलेलं नाही, आणि मीही इथे तेच वापरते आहे.

निगा करणाऱ्याला या इतिहासाशी काय देणंघेणं? आहे. बेलाडोना उन्हाळ्यात कोरडी झोपते आणि शरद ऋतूत पानं नसताना फुलते. तिच्यासाठी लिहिलेल्या सूचना वाचून कुणी आपल्या हिपिअ‍ॅस्ट्रमला उन्हाळाभर तहानलेलं ठेवलं, तर पुढच्या वर्षीचं फूल गेलंच. शंका असेल तर कापलेला दांडा पाहा. हिपिअ‍ॅस्ट्रमचा दांडा आतून पोकळ असतो, बेलाडोनाचा भरीव.

मूळ प्रदेशावरून आणखी एक गोष्ट उमगते. ट्यूलिप किंवा हायसिंथच्या कंदांना फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. हिला तशी थंडी लागत नाही. ही ऊबदार मुलखातली वनस्पती आहे आणि दहिवर गोठेल अशा थंडीत तिचा कंद मरतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. सफरचंदासारखी पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने आतल्या कळ्या करपतात.

घरात आणण्याआधी

कंद, पानं, फुलं, सगळंच विषारी आहे. त्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, लाळ गळणं, जुलाब होतात. सर्वांत जास्त विष कंदात. मांजरं आणि कुत्री यांना त्याचा त्रास माणसापेक्षा लवकर होतो, कारण त्यांचं वजन कमी आणि चावून बघायची खोड जास्त. सुटा कंद स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये, कारण तो हुबेहूब मोठ्या कांद्यासारखा दिसतो. मी कंद आणला की त्याच दिवशी त्याला नावाची चिठ्ठी बांधते आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवते. रसाने काहींच्या हाताला खाजही सुटते. तेव्हा कंद हाताळून झाला की हात धुवावेत; नाजूक त्वचा असेल तर हातमोजे घालावेत.

कंद कसा निवडायचा

कंदाचा आकार सेंटिमीटरमध्ये, त्याच्या घेरावरून मोजतात. पाकिटावर २६/२८ असं लिहिलेलं असेल तर घेर २६ ते २८ सेंटिमीटर. घेर जितका मोठा तितकी आतली शिदोरी जास्त. २४ ते २६ च्या कंदाला बहुधा एक दांडा येतो. ३२ च्या पुढे दोन, आणि ३४ च्या पुढे क्वचित तीनही. एका दांड्यावर बहुतेक वेळा चार फुलं असतात, कधी दोन, कधी पाच-सहा. पैसे एका मोठ्या कंदावर घालावेत की दोन लहानांवर, असं विचाराल तर माझं मत मोठ्या कंदाच्या बाजूने आहे. नवख्या हातून होणाऱ्या चुका तो पचवतो.

हातात घेऊन दाबून पाहा. कंद टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मानेपाशी, म्हणजे वरच्या निमुळत्या टोकाशी, किंवा तळाशी मऊ लागला तर सोडून द्या. वरचं तपकिरी टरफल सुटलेलं असणं, थोडं फाटलेलं असणं चालतं. टरफलावर निळसर बुरशीचा पातळ थर असेल तर कोरड्या फडक्याने पुसून खालचा पापुद्रा बघावा. तो पांढरा आणि घट्ट असेल तर काळजी नाही. जुनी मुळं मांसल असावीत आणि ती कापून टाकू नयेत. वाळून काड्या झालेली तेवढी काढावीत.

रंगीत मेणात बुडवलेले कंदही मिळतात, ज्यांना माती नको, पाणी नको. ते त्या एका हिवाळ्यापुरते घ्यावेत. पुष्कळदा त्यांच्या तळाचा मुळं फुटणारा भाग कापलेला असतो, आणि तो नसेल तर मेण सोलून कंद मातीत लावला तरी मुळं धरत नाहीत.

जातींबद्दल थोडक्यात: ‘रेड लायन’ हा लाल रंगाचा, भरवशाचा जुना वाण. ‘अ‍ॅपल ब्लॉसम’ पांढरट गुलाबी. ‘पिकोटी’ पांढरा, कडेला लाल रेघ. ‘पॅपिलिओ’ ही संकरित नसून मूळ जाती आहे. फिकट हिरव्या पाकळ्यांवर गडद तांबड्या रेषा, फुलपाखरासारखी. तिची वागणूक थोडी वेगळी आहे, ते पुढे येईल.

कुंडी, माती, लावणी

कुंडी अरुंद हवी. कंद मधोमध ठेवल्यावर चहूबाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर जागा उरली की पुरे. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती दिवसचे दिवस ओली राहते आणि तो ओलावा कंदाच्या तळाला लागतो. माझा वर सांगितलेला कंद तसाच गेला. ऐसपैस जागा मिळाली तर तो खूश होईल असं मला वाटलं होतं. खोली मात्र पुरेशी पाहिजे, कारण मुळं खाली जातात. तळाला भोक हवंच. शक्य असेल तर मातीची जड कुंडी घ्या. दोन फूट उंच दांडा, त्यावर चार मोठी फुलं, असं ओझं प्लॅस्टिकच्या हलक्या कुंडीला पेलत नाही आणि ती आडवी होते.

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची. चांगली बागेची माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि त्यात पर्लाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू, असं मिश्रण मला मानवलं आहे. नुसत्या कोकोपीटमध्ये फूल येतं, पण पुढचे आठ-नऊ महिने पानं पोसायला त्यात काही नसतं. ज्यांना कंद पुढच्या वर्षी फुलवायचा आहे त्यांनी सुरुवातीलाच खरी माती घालावी.

लावण्याआधी फक्त मुळं कोमट पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा, कंद पाण्याबाहेर. एखाद्या पेल्याच्या तोंडावर कंद टेकवला की हे सहज जमतं. मग कुंडीत थोडी माती, त्यावर मुळं पसरून कंद, आणि बाजूने माती घालून हलकेच दाबायची. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. नवख्यांना हे चुकल्यासारखं वाटतं आणि ते कंद पुरा झाकतात. मान मातीखाली गेली की तिथे पाणी साचतं आणि सड तिथूनच सुरू होते.

आधाराची काठी लावायची असेल तर ती आत्ताच, लावणीच्या वेळी रोवा. दांडा वाकल्यावर घाईने काठी खुपसली की ती मुळांतून, कधी कंदातूनही जाते.

पहिलं पाणी आणि मग वाट पाहणं

लावल्यावर एकदा भरपूर कोमट पाणी द्या, तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. मग कोंब दिसेपर्यंत हात आवरायचा. मुळं अजून पाणी ओढत नसतात, त्यामुळे घातलेलं पाणी नुसतं मातीत बसून राहतं. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच थोडं घालावं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे चिखलही नाही आणि धूळही नाही अशी माती, ती कायम ठेवायची. पाणी कुंडीच्या कडेने सोडावं, कंदाच्या डोक्यावर नाही. थाळीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्यावं.

या टप्प्यावर तिला उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची. २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. थंड फरशीवरची किंवा गार काचेला टेकलेली कुंडी आठवडेच्या आठवडे हलत नाही. दोन-तीन आठवडे काहीच दिसलं नाही तरी कंद उकरून बघू नका, नवी मुळं तुटतात. हाताला टणक लागतो आहे ना, एवढंच तपासा. लावल्यापासून फुलापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, काही वाण दहाही घेतात. ठरावीक दिवसांच्या सुमारास फुलं हवी असतील तर तिथून आठ आठवडे मागे मोजून लावणी करा. तीन कंद असतील तर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावा, हिवाळाभर घरात काही ना काही फुललेलं राहील.

कोंब: कळी की पान?

पहिला हिरवा शेंडा दिसला की ही उत्सुकता असतेच. पान चपटं आणि पातळ असतं. कळी जाडसर, टोकाला भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, आणि बोटांत धरली तर भरीव लागते. बहुतेकदा कळी आधी येते, पानं मागून. कधी दोन्ही बरोबर. आधी पानं आली म्हणजे फूल चुकलं असं धरू नका. मानेच्या मधोमध नव्हे, तर पानांच्या जुडग्याच्या एका अंगाने कळी उशिरा डोकं काढू शकते.

आता कुंडी घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत न्या आणि पाणी हळूहळू वाढवा. दांडा उजेडाकडे झुकतो, आणि तोही झपाट्याने; एका दिवसात बोटभर वाढल्याचं मी पाहिलं आहे. दर दोन दिवसांनी कुंडी थोडी फिरवली तर तो सरळ राहतो. उजेड कमी आणि ऊब जास्त असली की दांडा उंच आणि कमकुवत होतो, मग फुलांच्या भाराने लवतो. अशा वेळी काठीला सैलसर दोऱ्याने बांधा. कधी उलटही घडतं: दांडा वीतभरही न होता कंदाच्या मानेपाशीच फुलतो. बहुतेक वेळा मुळं नीट धरलेली नसतात किंवा माती फार गार असते. दुसरा दांडा सहसा व्यवस्थित येतो.

फुलांचे दिवस

कळीवरचं कागदासारखं आवरण फाटतं आणि आतल्या कळ्या एकेक करून बाजूला वळतात. पहिलं फूल उमलायला लागलं की कुंडी उन्हातून काढून जरा गार जागी ठेवा, १६ ते १८ अंश असेल तर उत्तम. ऊबदार खोलीत एक फूल चार-पाच दिवसांत मान टाकतं. गारव्यात तेच आठवड्यापेक्षा जास्त टिकतं, आणि सगळे दांडे मिळून दोन ते तीन आठवडे, कधी महिनाभर घर भरलेलं राहतं. पिवळे परागकोश उकलण्याआधी चिमटीने काढून टाकले तर पाकळ्यांवर डाग पडत नाहीत आणि फूल आणखी थोडं टिकतं.

फुलदाणीसाठी दांडा कापायलाही हरकत नाही. कंदाचं त्यात फारसं नुकसान नाही, कारण पानं मागे राहतात. पहिली कळी रंग दाखवू लागली की स्वच्छ धारदार सुरीने कापा. दांडा उलटा धरून त्याच्या पोकळीत पाणी भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा. कापलेलं टोक पाण्यात चिरून बाहेरच्या बाजूला गुंडाळलं जातं, ते टाळायला त्याच्याभोवती चिकटपट्टी किंवा रबर लावून ठेवतात.

फुलं गेल्यावर: इथून कमाई सुरू होते

माझ्या पहिल्या कंदाची फुलं सुकली तेव्हा मी दांड्याबरोबर पानंही कापली, कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात सारली आणि पुढच्या हिवाळ्यात तिची आठवण काढली. फूल आलं नाही. मला वाटलं कंद एकदाच फुलतो. बरीच वर्षं असं वाटत राहिलं आणि त्या काळात मी किती चांगले कंद टाकून दिले याचं आजही वाईट वाटतं.

फुलल्यानंतर कंद रिकामा झालेला असतो. दाबून पाहिला तर थोडा मऊ लागतो, घेरही उतरलेला असतो. आता तो भरायचा, आणि भरण्याचं काम फक्त पानं करू शकतात. म्हणून आधी सुकलेली फुलं काढा, मागच्या फुगीर हिरव्या भागासकट, म्हणजे बी धरण्यात शक्ती जाणार नाही. दांडा हिरवा आहे तोवर ठेवा. तोही पानासारखं अन्न तयार करतो. पिवळा पडून लिबलिबीत झाला की कंदापासून तीन-चार सेंटिमीटर वर कापा. कापताना आतून पाणी गळतं, त्याला घाबरू नका. पानं एकही कापायची नाहीत.

आता एक हिशेब लक्षात ठेवा. कंद साधारण चार पानं काढतो आणि मग आत फुलाचा एक दांडा घडवतो, पुन्हा चार पानं, पुन्हा एक दांडा. म्हणून हंगामात आठेक निरोगी पानं झाली तर दोन दांड्यांची आशा धरता येते, आणि तीनच पानं झाली तर पुढच्या हिवाळ्यात बहुधा काही नाही. मी दर महिन्याला पानं मोजते आणि शिंप्याच्या टेपने कंदाचा घेर मोजून कुंडीच्या चिठ्ठीवर लिहिते. फुलानंतरचा घेर आणि हंगामाच्या शेवटचा घेर यांतला फरक पाहिला की पुढच्या हिवाळ्याचा अंदाज बांधता येतो. हे कुणाला अति वाटेल, पण खत कमी पडतंय की उजेड, हे मला या आकड्यांनीच शिकवलं.

उजेड जितका देता येईल तितका द्या. घरातल्या मधल्या टेबलावर ठेवलेली पानं लांब, लोंबती आणि फिकट होतात. त्यांनी कंद भरत नाही. थंडी सरली आणि रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की कुंडी बाहेर न्यावी. पण एकदम नको. पहिला आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग जास्त वेळ. खोलीत वाढलेली पानं दुपारच्या कडक उन्हात एका दिवसात भाजून पांढरी पडतात. ऊन फार प्रखर असेल तिथे दुपारी विरळ सावली असावीच. बाहेर नेण्याची सोय नसेल तर सर्वांत उन्हाची खिडकी.

पाणी आता नियमित: वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली की पोटभर. खत दर पंधरा दिवसांनी, पाण्यात विरघळणारं, पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं. नत्र, स्फुरद, पालाश समतोल असलेलं चालतं, हंगामाच्या उत्तरार्धात पालाश थोडं जास्त असलेलं चांगलं. नत्र भरमसाठ दिलं तर पानं लुसलुशीत होतात, पण किडींना आणि बुरशीला तेच आवडतं. कोरड्या मातीत खत घालू नका, आधी साधं पाणी.

या महिन्यांत कीड-रोगांवर डोळा ठेवावा लागतो. पानांच्या बुंध्याशी, जिथे ती एकमेकांत शिरतात, तिथे कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढा आणि दर आठवड्याला पुन्हा बघा. एकदा पुसून तो जात नाही, कंदाच्या टरफलाआडही लपतो. पानांवर, दांड्यावर तांबडे लांबट चट्टे उमटले आणि त्या जागी पान किंवा दांडा वाकला, तर ती स्टॅगोनोस्पोरा नावाची बुरशी. रोगट पान काढून टाका, पानांवर पाणी उडू देऊ नका, हवा खेळती ठेवा आणि पसरत असेल तर बुरशीनाशक सांगितलेल्या मात्रेत फवारा. पण प्रत्येक लाल डाग हा रोग नसतो. या वनस्पतीला खरचटलं, दुमडलं की जखमेभोवती ती स्वतःच लाल होते. डाग वाढत नसेल तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.

एका बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागतं. पानांवर फिकट हिरवे-पिवळे पट्टे, मोझेकसारखे, दरवर्षी येत असतील तर तो विषाणू आहे. त्यावर उपाय नाही. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि आपली सुरीही नेते. असा कंद बाकीच्यांपासून दूर करून टाकून द्यावा. एरवीही दोन कंदांच्या मध्ये पातं अल्कोहोलने पुसायची सवय लावून घ्या.

झोप

उन्हाळा उतरणीला लागला की खत बंद. त्यानंतर काही आठवड्यांनी, पुढच्या हिवाळ्यात फुलं हवी असतील तर त्याच्या चार-पाच महिने आधी, पाणी कमी करत पूर्ण थांबवा. पानं पिवळी होतील, लोळतील, सुकतील. ती पूर्ण सुकेपर्यंत ओढू नका, कारण त्यांतलं उरलंसुरलं कंदात परतत असतं. मग कुंडी तशीच, कंद न उकरता, १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागी आठ ते दहा आठवडे ठेवा. अंधार असला तरी चालतो, दव गोठेल अशी जागा नको.

तेवढी गार जागा प्रत्येकाकडे नसते. नसेल तर घरातली त्यातल्या त्यात गार, कोरडी जागा शोधा आणि पाणी तोडा. कंदात पुरेसं अन्न साठलेलं असेल तर तो फुलतो. फक्त वेळ आपल्या हातात राहत नाही, कधी हिवाळ्याऐवजी वसंतात फुलं येतात. काही कंद पाणी तोडूनही पानं सोडत नाहीत. मी त्यांच्याशी झगडत नाही. ‘पॅपिलिओ’ तर मुळातच सदाहरित. तिला पूर्ण कोरडं झोपवू नये, विश्रांतीत पाणी कमी करावं पण तोडू नये.

पिल्लं आणि बिया

मोठ्या कंदाच्या कुशीत लहान कंद येतात. त्यांना स्वतःची मुळं फुटली असतील तर कुंडी बदलताना हलक्या हाताने वेगळं करून लहान कुंडीत लावा. दोन-तीन वर्षांत ती फुलतात, आणि फूल अगदी आईसारखंच असतं. वेगळं करायची घाई नको, पण पाच-सहा पिल्लं एका कुंडीत दाटली तर सगळ्यांच्याच वाट्याला कमी अन्न येतं आणि मोठा कंद फुलणं थांबवतो.

बियांचा खेळ सबुरीचा. परागण झालं तर तीन कप्प्यांची शेंग साधारण महिना-दीड महिन्यात पिकून फुटते आणि आत कागदासारख्या पातळ काळ्या बिया चळतीने रचलेल्या सापडतात. ताज्या बिया पाण्यावर तरंगत ठेवल्या तरी रुजतात. तिथून फुलापर्यंत तीन ते पाच वर्षं. संकरित वाणाच्या बियांतून कोणता रंग येईल ते आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच लोक ते करत आले आहेत. या झाडाचा पहिला नोंदलेला संकर आर्थर जॉन्सन या इंग्लिश घड्याळजीने १७९९ च्या सुमारास केला, दोन जातींचे पराग मिसळून. तुमचा हा पहिलाच कंद असेल तर मात्र शेंग धरू देऊ नका, त्याला आधी भरू द्या.

पुन्हा जागं करणं

आठ-दहा आठवडे झाले की कुंडी बाहेर काढा. कंद दाबून पाहा. टणक असेल तर वरची दोन-तीन सेंटिमीटर जुनी माती खरवडून काढा आणि तिथे नवीन माती-गांडूळखत भरा. पूर्ण कुंडी दर दोन-तीन वर्षांनीच बदलावी, मुळांना छेडलेलं हिला आवडत नाही, आणि बदलताना आधीपेक्षा एकच माप मोठी घ्यावी. वरची सुटलेली कोरडी टरफलं काढा, म्हणजे त्याखाली ढेकूण लपले असतील तर दिसतील. मग एकदा कोमट पाणी, ऊबदार जागा, आणि पुन्हा वाट.

घेर कमी भरला असेल, पानं चारपेक्षा कमी आली असतील, तर या वर्षी तिला झोपवूच नका. पाणी, खत, ऊन चालू ठेवून एक अख्खं वर्ष पानांवर काढू द्या. दुसऱ्या वर्षी नुसती पानं आलेला माझा एक कंद असाच राखला. घेर २३ वरून २९ सेंटिमीटरवर गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाणी दिल्यावर अठराव्या दिवशी मानेच्या एका अंगाने शेंडा वर आला. बोटांत धरून पाहिला, तर भरीव लागला.